करडांची करडई

प्रबंधाचं चौथं प्रकरण टाइप होऊन आलं आणि मी ते घेऊन साखऱ्याला माहेरी गेले. प्रबंधाचा विषय होता शेरडं-मेंढरं पाळणाऱ्यांची बोली. त्यातलं चौथं प्रकरण जवळजवळ सगळं माझ्या वडलांचं होतं. जनावराचं दुखणं कसं ओळखायचं, हे त्यांनी सांगितलेलं. दोन वर्षं मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्यामागं रानात हिंडले, मोबाइलवर त्यांचं बोलणं घेतलं आणि शब्दाला शब्द ठेवून वहीत उतरवलं. वडलांना वाचता येत नाही. म्हणून ते शेळ्यांना बाभळीचा पाला टाकत होते तिथंच बसून मी छापलेले कागद मोठ्यानं वाचायला घेतले.

"शेळी पाणी पीत नसल्यास तिच्या पोटात बिघाड आहे, असे समजावे."

वडील थांबले. "हे कोन बोलून राहिलं?"

"तुमीच की, बाबा."

"म्या? म्या कवा असं बोललो? हा तर कोनी साहेब बोलून राहिला."

मी पुढं वाचलं. "करडई आजारी पडल्यास तिला सावलीत ठेवावे."

वडील खो खो हसायला लागले. "करडईला सावलीत ठिवतेत व्हय? मंग तुरीला अंथरुन टाका!"

मला हसू आलं नाही. पिशवीतून वही काढली आणि ताडून पाहिली. वहीत होतं, 'शेरडू पाणी पिऊन न्हाई राहिलं का समजावं, पोटात कायतरी हाय.' आणि खाली, 'करडं दुखण्यात पडली तर सावलीत ठिवावी.' शेळीची पिल्लं ती करडं. टाइप करणाऱ्याला तो शब्द माहीत नव्हता, म्हणून त्यानं शेतातलं पीक उचलून तिथं ठेवलं होतं. पन्नासेक पानं होती. 'काहून'चं 'का' झालं होतं, 'न्हाई'चं 'नाही', 'चरून राहिली'चं 'चरत आहे'. ज्या बोलीवर प्रबंध होता, ती बोलीच कुणीतरी झाडून काढली होती.

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठाजवळच्या टायपिंगच्या दुकानात गेले. आमच्या विभागातले सगळे प्रबंध त्याच दुकानात टाइप होत. दुकानदार साधा माणूस होता. त्याला वाटलं मी आभार मानायला आले.

"मॅडम, भाषा लई अशुद्ध होती तुमची. सगळी नीट करून दिली."

"ती तशीच पाहिजे होती. परत करा."

"परत कशी होईल? मूळ तर तुमच्या वहीत आहे. पुन्हा टाइप करावं लागेल. आणि पोरं पुन्हा तेच करतील, त्यांच्या हाताला सवय आहे."

मी म्हटलं, मग फाइल द्या, मी दुरुस्त करते. त्यानं पेन ड्राइव्हवर फाइल दिली. घरी येऊन शेजाऱ्यांच्या संगणकावर उघडली तर मराठीचं एक अक्षर नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि खुणा. तो जुना फॉन्ट फक्त त्याच्याच मशीनमध्ये होता. त्याच्याविना माझं चौथं प्रकरण मलाच वाचता येत नव्हतं. माझ्या वडलांनी सांगितलेलं एका दुकानात कुलूपबंद झालं होतं आणि किल्ली दुकानदाराकडं होती.

तिथंच मी ठरवलं, आता एक ओळही दुसऱ्याच्या हातानं लिहायची नाही.

मार्गदर्शक सरांना हे सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "हे बघा, तुम्ही संशोधन करा. टायपिंग हे काही आपलं काम नाही. आपल्या विभागाची एक पद्धत आहे."

"सर, पद्धतीनं माझ्या करडांची करडई झाली."

"होतात चुका. तपासून घ्यायच्या."

"तपासायला मला ती फाइल उघडता आली पाहिजे ना?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. म्हणजे बोलणं संपलं.

मी तेव्हा आखाडा बाळापूरला कनिष्ठ महाविद्यालयात तासिकांवर मराठी शिकवत होते. तिथं संगणकाची एक खोली होती. परीक्षेपुरती उघडायची, एरवी कुलूप. मी प्राचार्यांकडून किल्ली मागून घेतली आणि दुपारचे तास झाले की तिथं जाऊन बसायला लागले. मला संगणकातलं काही येत नव्हतं. मराठीची बाई, शेरडांमागं वाढलेली. पण शेळी राखणाऱ्याला एक कळतं. वाट नसली तरी जनावर काढतं, आपण त्याच्यामागं जायचं.

आधी मोबाइलवरचा मराठी कळफलक शिकले, मग मोठा. त्या कळफलकावरच्या, जगभर चालणाऱ्या अक्षरांत एकदा लिहिलं की कुठल्याही मशीनवर तेच दिसतं, हे कळलं त्या दिवशी मी खोलीत एकटीच टाळी वाजवली. टिपणांसाठी मोठं सॉफ्टवेअर घेतलं नाही. साध्या मजकुराच्या फायली केल्या, एका शब्दाला एक फाइल. त्यात शब्द, अर्थ, कोण बोललं, कुठल्या गावात, कशावरून. एका फाइलीतून दुसरीकडं जायला दुवा. संदर्भग्रंथांची यादी ठेवायला झोटेरो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं. तिसऱ्या प्रकरणातली एक तळटीप हलवली की पुढचे सगळे आकडे आपोआप सरकायचे. आमच्या विभागात लोक महिना महिना तळटिपा मोजत बसायचे, आणि मी इकडं चहा पीत बघत बसायची.

प्रबंधाची पानं मांडायला लाटेक नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात पान दिसत नाही, आधी सूचना लिहाव्या लागतात, मग पान तयार होतं. पहिले दोन आठवडे पानच तयार होईना. लाल अक्षरांत इंग्रजी तक्रारी यायच्या. मी त्या वहीत उतरवायची, शब्दकोश घेऊन अर्थ लावायची. एकदा दिवसभर अडून राहिले ते एका महिरपी कंसापायी. तो कंस सापडला तेव्हा रडू आलं, आणि रागही. एवढ्याशा कंसाला मी घाबरले होते!

मग दुसरीच भानगड निघाली. मी फायलींमध्ये 'चाऱ्या' शोधलं तर निम्म्याच जागा सापडल्या. डोळ्यांना दिसत होतं, पंधरा ठिकाणी 'चाऱ्याला' लिहिलंय, पण मशीन म्हणे सात. दोन दिवस डोकं आपटलं. परदेशातल्या एका चर्चेच्या पानावर मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. कुठल्यातरी देशातल्या अनोळखी माणसानं उत्तर दिलं की 'चाऱ्या'तला हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. माझा मोबाइल एका तऱ्हेनं लिहीत होता, कॉलेजचा संगणक दुसऱ्या. दिसायला जुळे, आतून वेगळे. सगळ्या फायलींतून एक तऱ्हा शोधून दुसरीत बदलायची तर प्रोग्रॅम लिहावा लागणार होता.

मी पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत माझा पहिला प्रोग्रॅम लिहिला. दहा ओळी. चालवला आणि 'चाऱ्या' शोधलं. पंधरा.

दुपारची दोनची वेळ, बाहेर आठवडी बाजाराचा गलका. मला कुणाला तरी सांगायचं होतं. वडलांना फोन लावला. त्यांना प्रोग्रॅम म्हणजे काय ते काय समजावणार? म्हटलं, "बाबा, मशीनला मराठी बराबर मोजता येत नव्हतं. म्या शिकवलं."

"मंग? आइकलं का त्यानं?"

"आइकलं."

"झालं तर."

शब्दसूचीच्या वेळी पुन्हा तसंच. मशीन ळ हे अक्षर ल-च्या लगेच नंतर लावायचं. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह-च्या नंतर, हे लहान लेकराला माहीत असतं. मशीनला कोणी सांगितलंच नव्हतं. सरांना विचारलं तर म्हणाले, "चालेल हो, कोण बघतं?" मी बघत होते. आपल्या अक्षरांचा क्रम कुणीतरी लांब बसून ठरवणार आणि आपण 'चालेल हो' म्हणणार? मी सगळी वर्णमाला प्रोग्रॅममध्ये लिहिली, अ पासून ज्ञ पर्यंत, आणि मशीनला सांगितलं, ह्या क्रमानं लाव. लावलं.

शब्दलेखन तपासणारं सॉफ्टवेअर माझ्या पानांवर लाल रेघांचा पाऊस पाडायचं. 'न्हाई' चूक, 'ठिवतेत' चूक, 'शेरडू' चूक. मी एकेका शब्दावर जाऊन 'कोशात घाला' दाबायची. रोज वीस-पंचवीस शब्द. हळूहळू रेघा कमी झाल्या. शेवटी चौथं प्रकरण उघडलं तेव्हा पानावर एक लाल रेघ नव्हती.

प्रबंध छापून विद्यापीठाच्या कार्यालयात नेला. खिडकीतल्या बाबूंनी दोन पानं उलटली.

"हा आपला फॉन्ट नाही. दुकानातून टाइप करून आणा."

"नियमात कुठला फॉन्ट लिहिलाय?"

"नियम असाच आहे."

"लेखी दाखवा."

त्यांनी मान वर केली. "मॅडम, असं कोणी विचारत नाही."

"मी विचारते."

माझ्या टिपणांत विद्यापीठाचे नियमही होते, मोबाइलवर. शोधून त्यांच्यापुढं धरले. देवनागरी पाहिजे, अक्षराचा आकार एवढा, समास एवढा. फॉन्टचं नाव कुठंच नव्हतं. त्यांनी मोबाइलकडं पाहिलंही नाही. "साहेब आल्यावर बघू." साहेब त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्या बसनं गेले आणि खिडकीसमोरच्या बाकावर बसले. दुपारी साहेब आले, नियम वाचला, म्हणाले, "घ्या की मग. भांडता कशाला?" बाबूंनी शिक्का मारला, इतक्या जोरात की बाजूची दौत हलली.

ह्या सगळ्यात सर माझ्यावर नाराज झाले. प्रबंध देण्याआधी त्यांची सही तीन आठवडे मिळाली नव्हती. तोंडी परीक्षेच्या दिवशी त्यांनी माझ्याकडं फारसं पाहिलं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चौथं प्रकरण उघडून विचारलं, "ही अवतरणं प्रमाण मराठीत द्यायला हवी होती, असं नाही वाटत?"

"नाही वाटत," मी म्हटलं. "ती तशी दिलीही होती एकदा. मग करडई आजारी पडली."

त्यांना कळेना. मी सगळं सांगितलं. परीक्षक हसले, दोन शब्द काढून दाखवा म्हणाले. मी लॅपटॉपवर शोधून दाखवले, कोण बोललं, कुठं बोललं, सगळं. सर खिडकीबाहेर बघत होते. पदवी मिळाली. फोटो काढायला सर थांबले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. पाच वर्षं त्यांनी शिकवलं होतं. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन.

नोकरी अजून तासिकांवरच आहे. संगणकाची खोली मात्र आता बंद नसते. शनिवारी मुली येतात, कुणी एम.ए. करणारी, कुणी नर्सिंगची. मी त्यांना फाइल स्वतःच्या हातात ठेवायला शिकवते. एकीचा भाऊ मला म्हणाला, "हिला काहून शिकवता हे? टायपिंगवाले हायेत की." मी त्याला म्हटलं, बस, तूही शीक. तो बसला नाही. ती येते.

मागच्या वर्षी माझी शब्दसूची आणि ते प्रोग्रॅम मी इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडे ठेवले. कुणीही घ्यावं, चूक दिसली तर बदल सुचवावा. सहा महिने कुणी फिरकलं नाही. मग एका सकाळी पहिली सूचना आली, आमच्याच जिल्ह्यातल्या पुसेगावच्या एका बाईची. ओळख ना पाळख. तिच्या घरी शेरडं आहेत एवढंच लिहिलेलं. 'पाट' ह्या शब्दाचा अर्थ मी 'शेळीचं मादी पिल्लू' असा दिला होता. तिनं खाली लिहिलं होतं, 'चूक हाय. पिल्लू न्हाई. पैलं वेत होईस्तोवर तिला पाट म्हनतेत, मोठी झाली तरी. तुमी घरात बसून लिवलं का?'

मला राग आला. दोन वर्षं रानात हिंडले, परीक्षकांपुढं उभी राहिले, आणि ही मला घरात बसलीस म्हणते! उत्तर लिहायला घेतलं, दोन परिच्छेद लिहिलेही. मग वडलांना फोन केला.

वडील म्हणाले, "बराबर हाय तिचं. तू मला इचारलंच न्हाई त्ये. करडं म्हनून लिवलं आसशील."

मी ते दोन परिच्छेद पुसले, अर्थ बदलला, आणि बदलाखाली सुचवणारीचं नाव येतं तिथं तिचं नाव लावलं. संध्याकाळी तिच्या आणखी अकरा दुरुस्त्या आल्या.