शहाताची आई

नाईलकाठच्या दुम्यातमधलं निम्मं गाव त्या बाईनं आपल्या हातांवर झेललं, पण तिला स्वतःचं नाव असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. ती शहाताची आई, बस. आमच्याकडे आईचं नाव मुलगा जन्मभर पोटात ठेवतो. शाळेत कुणी ते शोधून काढून ओरडला की दात पडलेच समजा. ते नाव चारचौघांत एकदाच घेतलं जातं, मुलगा मेल्यावर. माती लोटून झाली की शेख कबरीपाशी बसतो आणि त्याला 'अमकीच्या मुला' म्हणून हाक मारतो.

तिचं नाव मस्तूरा. दाईचं काम तिच्या आईकडून आलेलं. स्वतःची तीन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून चौथ्याला नजर लागू नये यासाठी भिकेचं नाव ठेवलं, शहाता, म्हणजे भीक मागून आणलेला. तो जगला. त्याच महिन्यात शेजारी रिफअत जन्मला आणि त्याच्या आईला दूध येईना, तेव्हा मस्तूरानं एका अंगाला शहाता आणि दुसऱ्या अंगाला रिफअत घेतला. दुधानं दोघे भाऊ झाले. मस्तूराची म्हातारी आई तिला घरात नावानं हाका मारी, आणि त्या ऐकणारी पोरं ही दोनच.

शहाता सुतार झाला, खुर्च्यांचे पाय कोरण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. रिफअत कैरोला जाऊन नाटककार झाला. उस्ताद रिफअत! लोकांना हसवायला त्याला दुसऱ्यांची घरं लागत, स्वतःचं कधी पुरलं नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी त्याचं नाटक टीव्हीवर लागलं. खाटकाच्या घरी गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. नाटकात एक लंगडी, हावरट दाई होती, श्रीमंताघरची पोरं बदलणारी. पोर बाहेर आलं की हात पुढे करून ती म्हणे, "आला गं बाई, भाडेकरू आला!" तिचं नाव मस्तूरा. बायका पोट धरून हसत होत्या. तेवढ्यात शहाताची आई टाळी वाजवून म्हणाली, "अगं, ही तर मी! ते भाडेकरूचं बोलणं माझंच आहे. पोरानं माझं नावसुद्धा घातलंय बघा."

हे तिनं बोलायला नको होतं. इजिप्तमध्ये मस्तूरा हजारो असतील. आमच्या गल्लीतली कुठली, ते तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शहाता कारखान्यातून दुपारीच घरी आला.

"काय झालं रे?"

"पॉलिशवाल्यानं विचारलं, मस्तूरेच्या पोरा, भाडं भरलंस का? सगळे हसले. नाव रिफअतनं घेतलं, कळलं. ती तू आहेस हे कुणी सांगितलं?"

"मला आनंद झाला रे. दूध पाजलेलं पोर, आठवण ठेवली त्यानं."

"आठवण? चोर दाखवलंय तुला त्यानं."

"नाटकच आहे ना ते."

"तुझ्यासाठी असेल. मला रोज त्या कारखान्यात उभं राहायचंय."

तो बायको घेऊन नदीपलीकडे राहायला गेला आणि अकरा वर्षं त्यानं आईचा उंबरा ओलांडला नाही. मला विचाराल तर एवढा ताठा बरा नव्हे. पण त्या अकरा वर्षांत त्याला कुणी शहाता म्हटलं नाही, हेही खरंच.

मग गावानं रिफअतच्या जन्मघरावर संगमरवरी पाटी लावायचं ठरवलं आणि पडदा सारायला आपण स्वतः येतो म्हणून उस्तादनं कळवलं. त्याच्या आदल्या दिवशी शहाता आईच्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

"त्याला सांग, सगळ्यांसमोर एवढंच म्हण की ती बाई मी मनानं रचली, ती शहाताची आई नव्हे. तुझं दूध प्यालाय, तुला नाही म्हणणार नाही."

"आणि म्हणाला तर?"

"तर तिथून थेट तुझ्याकडे जेवायला येतो."

म्हातारीनं पहाटे उठून बदक भरलं, कांदा घालून, त्याला आवडे तसं. मग काळी ओढणी घेऊन पाटीपाशी गेली. रिफअतनं तिला ओळखलं, हाताचा मुका घेतला. तिनं त्याच्या कानात विनंती सांगितली, आणि तो म्हणाला, "का नाही, आई?" तिचा जीव भांड्यात पडला. शहाता गर्दीच्या मागे उभा होता.

रिफअतनं माईक घेतला. "लोकहो, या बाई म्हणतात, मस्तूरा मी मनानं रचली असं जाहीर कर. आता तुम्हीच सांगा, असली बाई मनानं रचता येते का?"

हशा पिकला. त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकून माईक तिच्या तोंडाशी धरला. "म्हणून दाखव, आई. एकदाच."

समोर माणसंच माणसं, बरीचशी तिच्याच हातांवर जन्मलेली, सगळी टाळ्या पिटत होती. सत्तरीची बाई गांगरली. तोंडातून जन्माच्या सवयीचं तेच निघालं, "आला गं बाई, भाडेकरू आला."

टाळ्या थांबल्या तेव्हा शहाताची जागा रिकामी होती. बदक तिनं तीन दिवस झाकून ठेवलं, मग मांजरांना घातलं.

दोन वर्षांनी शहाता कारखान्यातच कोसळला. निरोप तिला मय्यत निघाल्यावर मिळाला. ती कबरस्तानात पोचली तेव्हा माती लोटून झाली होती. बायका भिंतीपाशी उभ्या होत्या, पलीकडच्या वस्तीतल्या, ओळखीची एकही नाही. ती त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि कान दिला. जिवंतपणी नाही तर नाही, आता तरी तो तिचा म्हणवला जाणार होता.

शेखनं विचारलं, "आईचं नाव?"

शहाताचा मेहुणा म्हणाला, "त्यानं सांगून ठेवलंय. हव्वा म्हणा."

हव्वा, म्हणजे सगळ्या माणसांची पहिली आई, म्हणतात ते आई कोण हे ठाऊक नसलं की. शेखनं एकवार भिंतीकडे पाहिलं, कारण तोही तिच्याच हातांवर जन्मला होता. पण मेलेल्याचा शब्द मोडायचा कसा? त्यानं हाक मारली, "शहाता, हव्वेच्या मुला." मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा.

शेजारच्या बाईनं तिला हळूच विचारलं, "याला आई नव्हती का हो?"

"नव्हती," मस्तूरा म्हणाली.