खो कुणी दिला?

भूत-बित, अंगात येणं, असलं आमच्या घरात कुणी मानत नसे. मीही आजतागायत मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण जे झालं ते दिवसाढवळ्या झालं... आणि त्याला मी एकटीच साक्षीदार नव्हते.

लातूर नुकताच उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला होता. आमचं देवणी तेव्हा उदगीर तालुक्यात. नव्या जिल्ह्याची मुलींची पहिली खो-खो टीम निवडली जाणार होती आणि आमच्या शाळेतून माझं नाव सगळे धरूनच चालले होते. मी नववीत होते.

त्याआधी देगलूरला एक सामना झाला. अगदी शेवटी, पाठीवर खो मिळायच्या आधीच मी उठले — फाऊल! तेवढ्यात समोरची मुलगी निसटली आणि आम्ही हरलो. परतीच्या एसटीत कुणी माझ्याशी बोललं नाही. खेळाचे सर एवढंच म्हणाले, "तुझ्यामुळं गेलं, पोरी."

त्या दिवसापासून मला उठताच येईना. पाठीवर थाप पडली, "खो!" ऐकू आलं, की पाय दगडाचे. घरी जेवायला बसलं तरी घास घशाखाली उतरेना. सर ओरडायचे, "ढोंग करायलीस का?" आई म्हणायची, "सोड ते खेळणं. कशाला जिवाला घोर?" सोडायचं ठरलंही. पण खेळ सोडला तर मी कोण, हे काही केल्या कळत नव्हतं.

शेवटचं म्हणून एका सकाळी सगळ्यांच्या आधी ग्राउंडवर गेले. त्या वर्षी पाऊस नव्हताच. शाळेचा हापसा कधीचा आटलेला, टँकर आला तरच प्यायला पाणी. चांगलं ऊन वर आलं होतं. मी माझ्या चौकोनात जाऊन बसले. नुसतीच. समोर मोकळं मैदान... रडूही येत नव्हतं.

आणि पाठीवर हात पडला. थाप नव्हे — हात. गार. कानाजवळ हळूच, अजिबात घाई नसलेला आवाज, "खो."

मी उठले. विचार न करता उठले आणि थेट खांबापर्यंत पळाले. वळून बघते तर मागं कुणी नाही. फाटकातून माझी मैत्रीण शकू येत होती, ती जागीच थांबली.

"कोण होतं गं ते? बाईचा आवाज होता."

"तुला दिसली?"

"न्हाई. नुसतं ऐकलं." मग ती माझ्या मागं आली. "अगं, पाठ कशानं भिजली तुझी? हात हाय हा... पाची बोटं हायत."

तिनं आपला पंजा त्यावर धरून बघितला. तो हात तिच्या हातापेक्षा मोठा होता, म्हणाली. बघता बघता उन्हानं वाळूनही गेला.

भीती वाटली नाही, याचंच मला नवल वाटतं. उलट कित्येक दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला.

सर आल्यावर मी सांगून टाकलं — हाताचं नाही, भीतीचं. "सर, ढोंग न्हाई. मला उठायचीच भीती वाटते."

ते मग माझ्यासमोर मातीतच बसले. "देगलूरला बोललो ते चुकलं माझं," म्हणाले. "उठवत नसंल तर नको उठू. पण रोज येऊन बसत जा."

रोज जाऊन बसले. हळूहळू उठायलाही लागले. टीममध्ये निवड झाली, आणि पहिल्याच सामन्यात आम्ही हरलो! पण त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

माझी भाची मानसोपचारतज्ज्ञ आहे. ती म्हणते, "मावशी, एवढ्या स्ट्रेसमध्ये असे भास होतात." असेलही. माझा भास मानायला मी तयार आहे. पण शकूनं ऐकलं त्याचं काय? आणि तोंड धुवायलाही पाणी मिळत नव्हतं, तेव्हा तो ओला पंजा कुठून आला?

शकू अजून भेटली की विचारते, "कोण असंल गं ती?"

मी म्हणते, माहीत नाही. आणि खरंच माहीत नाही.