न थांबणाऱ्या ड्रायव्हरचा सत्कार

वडवणीत माझं बॅनरचं दुकान आहे. तालुक्यातल्या ज्याला ज्याला पुढारी व्हायचंय, त्याच्या डोक्यावर मी कॉम्प्युटरवर फेटा बांधलेला आहे. टकलावर केस लावलेत, पोटं आत घेतलीत, भांडलेल्या भावांना एका बॅनरवर शेजारी उभं केलंय. पक्ष कोणताही असो, तोंड शेवटी माझ्याच माऊसखाली येतं. त्यामुळे राजकारण म्हटलं की मला हसू येतं. पण गेल्या वर्षी एका पोरीनं माझं हसू बंद केलं. ती माझ्या कुसळवाडीची आहे, याचा मला भयंकर अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तिचं नाव यशोधरा. बाप अनिल गवंडीकाम करतो, आई सिंधुबाई अंगणवाडीत मदतनीस. आमची घरं बुद्धविहाराच्या बोळात समोरासमोर, त्यामुळे तिचं सकाळचं भाषण मला फुकटात ऐकू येतं. नळाला पाणी आलं की हंडा भरता भरता ती ग्रामपंचायतीचे वाभाडे काढते, भाकरी थापता थापता आईला राज्यसभा आणि लोकसभेतला फरक सांगते. वडवणीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. दुपारी तासिका संपल्या की माझ्या दुकानात येऊन बसते, माझं वायफाय वापरते आणि मलाच ऐकवते.

"काका, निवेदन देताना सायेब फोटो काढून घेतो. पुढं त्या निवेदनाचं काय होतं, ते सायबालाबी म्हाईत नसतं."

"मोर्च्यात आमाला पुढं उभं करतात. माईक आला की मागं ढकलतात. माईक धरायला काय मिशा लागतात का?"

असली तिची मतं. आपल्या माणसांनाही ती सोडत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढं नाचणाऱ्या पोरांना तिनं भर चौकात विचारलं होतं, "घटनेचं एक तरी पान वाचलं का?" पोरं आठ दिवस तिला बघून रस्ता बदलायची.

तर झालं असं, की आमच्या गावातून कॉलेजला जाणाऱ्या सात पोरी. गावापासून फाट्यापर्यंत पायी यायचं आणि दिंद्रुडकडून येणारी सकाळची बस धरायची. पण बस थांबेल तर ना! सर्जेराव नावाचा ड्रायव्हर. पोरी हात करायच्या, तो समोर बघत एक्सलेटर दाबायचा. पोरी मग तासभर उभ्या राहून वडापच्या, म्हणजे खचाखच भरलेल्या खाजगी जीपला लटकायच्या. पहिली तासिका बुडायची आणि जीपमधल्या पोरांची टवाळी ऐकायला लागायची ती वेगळीच.

या सातातली एक स्वप्ना. तिचा बाप बिभीषण शेळ्या-मेंढ्या राखतो. घराण्यात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. यशोधराची जिवाभावाची मैत्रीण, आणि स्वभावानं इतकी गरीब, की जीपमध्ये कुणी धक्का दिला तर हीच अंग चोरायची.

कॉलेजातल्या संघटनेचा अध्यक्ष अभिमन्यू. त्यानं ठरवलं, फाट्यावर रास्ता रोको. वारही त्यानंच निवडला, वडवणीच्या बाजाराचा. का, तर त्या दिवशी रस्त्यावर माणसं जास्त असतात, फोटोत गर्दी दिसते. यशोधरानंही होकार दिला. झेंडे आले, घोषणा झाल्या, फोटो तर फारच छान आले. फक्त सर्जेरावची बस झेंडे लागायच्या आधीच निघून गेली होती. अडकले कोण? बाजाराला निघालेली आमचीच माणसं. त्यात पिकअपमध्ये शेळ्या घालून निघालेला बिभीषण. तो बाजारात पोचला तेव्हा व्यापारी उठून गेले होते. शेळ्या तशाच परत आणाव्या लागल्या.

संध्याकाळी तो यशोधराच्या दारात आला. काठी आपटून म्हणाला, "तुमचं राजकारण तुमाला लखलाभ. माझी पोरगी रोज फाट्यावर लोकांची टिंगल ऐकत उभी राहती, ते बास झालं. दसऱ्यापस्तोर बस थांबली तर ठीक. न्हाई तर कॉलेज बंद. गडाची आन घेऊन सांगतो."

नारायणगडाची आण घेतलेला बिभीषण मागं फिरत नाही, हे आख्ख्या गावाला माहीत आहे. स्वप्ना त्याच्या मागं उभी होती.

दुसऱ्या दिवशी यशोधरा दुकानात आली ती तोंड पाडून. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला ते पाहवलं नाही. मी चहा मागवला. समोर कॉम्प्युटरवर एका गड्याचं काम चालू होतं. गळ्यात सोन्याची साखळी, डोळ्यावर गॉगल, वर मोठ्या अक्षरात 'भावी सरपंच'.

"काका, ह्यो निवडून आला का?"

"न्हाई. अजून निवडणूकच न्हाई."

"मग आधीच कावून छापता?"

"अगं, छापलं की गडी तसा वागायला लागतो," मी म्हणालो. "चौकात सोताचा फोटो लागला की लोकांना हात जोडत हिंडतो, मयतीला पहिला जातो. एवढं तोंड मोठं झाल्यावर कुणाला तोंड लपवता येतं का?"

यशोधरानं चहाचा कप खाली ठेवला. एकदम उठून उभी राहिली. "काका, मला एक बॅनर करून द्या. सर्जेराव डायवरचा."

ती काय म्हणतेय ते कळलं तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या उडालो. बसच्या कंडक्टरबाईंकडून तिनं सर्जेरावचा फोटो मिळवला. बाई स्वतः अशाच एका फाट्यावरून शिकलेल्या, त्यांनी हसत हसत पाठवला. मी सर्जेरावला गुलाबी फेटा बांधला. मागं उगवता सूर्य दिला. मजकूर यशोधरानं सांगितला: 'कुसळवाडी फाट्यावर रोज बस थांबवून लेकींना कॉलेजात पोचवणारे आदर्श चालक मा. सर्जेराव यांचा जाहीर सत्कार!'

अभिमन्यू भडकला. दुकानात येऊन माझ्यावरच ओरडला, "जीवन काका, त्यो थांबतच न्हाई की! सत्कार कशाचा करता? आपण काय लाचार हाय का?"

यशोधरा शांतपणे म्हणाली, "अभिमन्यू, ह्यो सत्कार न्हाई. साऱ्या रस्त्यासमोर त्याच्याकडनं घेतलेला शब्द हाय. तुझे झेंडे लागायच्या आधीच तो निघून गेला. सोताच्या फोटोपुढनं जातो का बघू."

सत्काराच्या सकाळी आख्खं गाव फाट्यावर. बॅनर लागला होता, हलगी होती, हार-नारळ होता, टॉवेल-टोपी होती. रस्त्यापलीकडं बिभीषण शेळ्या घेऊन उभा, काठीवर हनुवटी टेकवून. आपण बघायला आलोय असं त्याला कुणाला दाखवायचं नव्हतं.

बस आली. नेहमीसारखी जोरात आली आणि आमच्यासमोरून धूळ उडवत पुढं गेली. स्वप्नानं खाली मान घातली. आणि मग करकचून ब्रेक लागला. काही क्षण बस तिथंच उभी राहिली. नंतर हळूहळू मागं येऊ लागली, कंडक्टरबाई दारात उभ्या राहून शिट्टी वाजवत होत्या, सगळे प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून बॅनर वाचत होते.

सर्जेराव खाली उतरला. बॅनरपुढं जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ह्यो मीच हाय का?"

"तुमीच," यशोधरा म्हणाली. "फेटा लई शोभतो तुमाला."

माणूस पार विरघळला. टोपी त्यानं स्वतःच डोक्यावर नीट बसवून घेतली. खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "सर्जेराव, इथं रोज थांबता व्हय? आमाला तर कधी दिसलं न्हाई!" सगळी बस हसली. सर्जेराव लालबुंद झाला. गाडी भरून येते, उशीर होतो, असं काहीतरी पुटपुटला. मग बॅनरकडं पुन्हा बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आता लिवलंयच, तर थांबणार. एकबी पोरगी मागं ऱ्हायची न्हाई."

हलगी वाजली. बिभीषण मात्र हलला नाही. "हार घातल्यावर कुणीबी थांबतं," तो म्हणाला. "उद्या बघू."

त्याचं खरं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी दुकान उशिरा उघडलं आणि फाट्यावर गेलो. ना हलगी, ना गाव. सात पोरी, मी, आणि रस्त्यापलीकडं शेळ्यांत बिभीषण. बस लांबून दिसली. यशोधरानं हातसुद्धा केला नाही, नुसती बॅनरखाली ताठ उभी राहिली. बसचा वेग कमी झाला. अजून कमी झाला. दार बरोबर पोरींसमोर येऊन थांबलं.

स्वप्ना पहिली चढली. आतून तिचा आवाज आला, "यशे, खिडकीची जागा धरलीय!" एवढ्या मोठ्यानं ती बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. रस्त्यावर एकट्यानं टाळ्या वाजवणारा माणूस कसा दिसतो याची मला पर्वा नव्हती.

दसरा होऊन गेला, स्वप्नाचं कॉलेज चालूच राहिलं. सर्जेरावच्या सुट्टीच्या दिवशी येणारा दुसरा ड्रायव्हरही थांबतो आणि आपला फोटो कधी लागणार, असं दर वेळी पोरींना विचारतो. यशोधरा त्याला सांगते, "वर्षभर थांबा, मग बघू."

गेल्या आठवड्यात बिभीषण माझ्या दुकानात आला. पहिल्यांदाच. काठी दाराशी टेकवली आणि भिंतीवरचे सगळे पुढारी एकेक करून बघितले.

"यशोधराचा बॅनर करायचा हाय," तो म्हणाला. "फाट्यावर लावायचा. वर लिव, भावी आमदार."

"तिला चालायचं न्हाई," मी म्हणालो. "भांडल माझ्याशी."

"भांडू दे. छापलं की माणूस तसा होतो, असं तूच म्हणतो ना?"

मी टाइप करायला लागलो. तिला फेटा बांधला. मग खालच्या ओळीवर आलो. "शुभेच्छुक म्हणून कुणाचं नाव टाकू? तुझं पुरं नाव सांग."

बिभीषणनं दाराशी टेकवलेली काठी उचलली.

"नाव कशाला पायजे," तो म्हणाला. "लिव, स्वप्नाचा बाप."