आधी बहिणीचे पैसे

माझ्या मेहुण्याला आमच्या लॅबमध्ये सगळे शेठ म्हणत, ते काही कौतुकाने नव्हे. पगाराच्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा खिसा रिकामा होई आणि संध्याकाळी तो आम्हालाच विचारी, "आज चहा कोण पाजतंय?"

लॅब दातांची. डॉक्टरांकडून तोंडाची मापे येत, आम्ही त्यांवरून कवळ्या करत असू. मी प्लास्टरचे साचे काढायचो आणि शेवटी तयार कवळी पॉलिश करायचो. मधले खरे काम, मेणात एकेक दात बसवण्याचे, शेठचे. त्याला तिथे मीच चिकटवला. हे आधीच कबूल करतो, कारण घरात मला ते इतक्यांदा ऐकवले गेले आहे की लपवून उपयोग नाही. कामात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. माणसाचा जुना फोटो बघून तो एखादा दात किंचित तिरका बसवी आणि म्हाताऱ्याला त्याचा चेहरा परत मिळे. एवढे सोडले तर त्याच्याबद्दल चांगले लिहायला माझ्यापाशी फारसे काही नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. शेठने अंथरूणच हप्त्यावर घेतले होते. पलंग, गादी, उशाशी दोन दिवे, चोवीस हप्ते. मग पाठ चेपणारी खुर्ची. मग टीव्ही, तो इतका मोठा की निम्मी खिडकी त्याच्यामागे गेली. पहिल्या कार्डाचा हप्ता दुसऱ्या कार्डाने, दुसऱ्याचा तिसऱ्याने, अशी आठ कार्डे झाली. पाचव्या कार्डानंतर त्याची बायको माहेरी गेली ती गेलीच.

प्रत्येक फॉर्मवर 'ओळखीची व्यक्ती' म्हणून त्याने माझा नंबर दिला होता, मला न विचारता. वसुलीवाले मला लॅबमध्ये फोन करू लागले. मला फोनवर धड बोलता येत नाही. समोरचा ओरडला की मी माफी मागतो.

"म्हातारबुवा, चोराला पाठीशी घालता, लाज वाटत नाही?"

"सॉरी," मी म्हणालो.

शेठ माझ्यासमोर, हातभर अंतरावर, मेण तापवत बसला होता. "काय म्हणतात, दाजी?"

"तू चोर आहेस म्हणतात."

"बाई होती का बाप्या?"

"बाई."

"मग बरंय. सकाळचा बाप्या फार शिव्या देतो."

त्यानंतर दोन महिने मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या ते लक्षात आले की नाही, ठाऊक नाही.

आता माझी बायको, म्हणजे शेठची थोरली बहीण. तीस वर्षे तिने इस्पितळाचे भांडार सांभाळले आणि कापसाचा बोळाही हिशेबाबाहेर जाऊ दिला नाही. जन्मात एक वस्तू हप्त्याने घेतली नाही. निवृत्तीच्या पैशातून तिने शेठला तीन लाख ऐंशी हजार दिले, सहा महिन्यांच्या बोलीवर. त्याची चार वर्षे झाली. दर रविवारी ती त्याला फोन लावून सोलून काढी. मधल्या काळात तिचे दात गेले आणि नवी कवळी शेठनेच करून दिली, फुकट. लॅबमध्ये थट्टा चाले, की बाई भावाने दिलेल्या दातांनी भावालाच चावते.

एका रविवारी दुपारी फोनच्या आधी तोच दारात उभा राहिला. पाकीट टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, तुझे फिटले. मोज."

तिने दोनदा मोजले. मी समोर बसलो होतो.

"आणि व्याज?"

"व्याज तू चार वर्षं तोंडाने वसूल केलंस की."

"जाताना दार ओढून घे," ती म्हणाली.

पगारातून परस्पर कापून फंडात साठलेली सगळी शिल्लक काढून त्याने ते पैसे आणले होते. तीन आठवड्यांनी त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. वाटले असेल, बहिणीचे चुकते केले, आता कार्डवाल्यांना हात वर करून दाखवू. आमच्याकडे असेच शिकवतात, आधी घरच्यांचे द्यावे. कायदा नेमका उलटा निघाला.

अर्ज ज्यांच्याकडे गेला त्या अधिकारी बाईंनी बँकेचा उतारा त्याच्यासमोर ठेवला आणि विचारले, एवढी रोकड कुठे गेली. तो म्हणाला, घरखर्च. बाई म्हणाल्या, "अर्जाआधी वर्षभरात नात्यातल्या कोणाला फेडलं असेल तर ती रक्कम परत यावी लागते. ती सगळ्या घेणेकऱ्यांत सारखी वाटली जाते. आत्ता सांगितलंत तर मी चूक समजेन. मी शोधून काढलं तर ती फसवणूक. मग अर्ज फेटाळला आणि आठही कार्डं पुन्हा तुमच्या मानेवर." त्याला आठ दिवस दिले.

हे सांगायला तो आमच्याकडे आला. बायको ताठ उभीच राहिली, त्याला बस म्हणाली नाही.

"ताई, तू फक्त हो म्हण. पैसे मिळाले म्हण. नाहीतर त्यांना वाटेल मी रोकड दडवलीय."

"म्हणजे माझे पैसे मी तुझ्या कार्डवाल्यांना वाटू?"

"कायदा आहे."

"पाठ चेपून घेताना कुठे होता कायदा?"

तो माझ्याकडे वळला. "दाजी, तुमच्यासमोर मोजलेत. तुम्ही तरी खरं सांगा."

ज्याने आयुष्यभर सगळ्यांना थापा मारल्या तो मला खरे बोलायला सांगत होता. आणि त्याला घालवून दिल्यावर बायकोने मला खोटे शिकवायला घेतले. पॉलिशचे मशीन माझ्या मालकीचे होते, मी पदरचे घालून घेतलेले. ते शेठने माझ्याकडून विकत घेतले, पैसे त्याचे दिले, असे मी सांगायचे. कामाच्या हत्याराला कायदा हात लावत नाही, हे ती कुठूनतरी विचारून आली होती. तिने ते वाक्य मला तीनदा म्हणायला लावले. तिसऱ्यांदाही मी 'मशीन'पाशीच अडखळलो.

"एक वाक्य नीट बोलता येत नाही तुम्हाला," ती म्हणाली. ते खरेच आहे.

सुनावणीची खोली म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीलगत छातीपर्यंत फायली. शेठ एका टोकाला, आम्ही दुसऱ्या.

"यांनी तुम्हाला रोख रक्कम दिली?" बाईंनी मला विचारले.

"मशीनचे दिले," बायको म्हणाली. "पॉलिशच्या मशीनचे."

"मी त्यांना विचारतेय."

बायकोने कोपर मारले. शेठ मान खाली घालून नखातले मेण काढत होता. मला त्याची दया आली असे कोणी समजू नये. मला फोन आठवले. अर्ज फेटाळला की ते पुन्हा सुरू होणार होते, आणि ते मलाच येणार होते.

"मशीन अजून माझ्याच टेबलावर आहे," मी म्हणालो. "विकलेलं नाही. पैसे बहिणीला दिले. माझ्यासमोर मोजले."

बाईंनी लिहून घेतले. शेठने सुस्कारा सोडला, तो मला आवडला नाही.

"झालं मनासारखं?" बायकोने त्याला विचारले. माझ्याकडे तिने पाहिलेच नाही.

बाईंचा पुढचा प्रश्न छापील कागदावरचा होता. "गेल्या वर्षात यांच्याकडून आणखी काही मिळालंय?"

बायकोने पर्समधून रुमाल काढला. आधी वरची कवळी काढली, मग खालची, आणि दोन्ही रुमालावर ठेवून बाईंच्या फायलीवर सरकवल्या. गालफडे आत गेलेली, डोळे लाल. "हे. घ्या लिहून," ती कशीबशी म्हणाली.

बाईंनी फाईल अलगद बाजूला ओढली. "ही वापरातली वस्तू. यादीत येत नाही."

बायको त्यावर बरेच काही बोलली, पण एक अक्षर कळेना. बाईंनी दोनदा "काय?" विचारले. शेवटी तिने दोन्ही कवळ्या उचलून पुन्हा तोंडात घातल्या आणि मग शब्द न शब्द कळू लागला. पाच मिनिटे तिने शेठला, कायद्याला आणि मला झोडपले. शेठ मात्र तिच्या तोंडाकडेच बघत होता. मध्येच म्हणाला, "ताई, खालची सैल झालीय."

"तू बोलू नकोस," ती म्हणाली.

एकरकमी भरायला तिने साफ नकार दिला, तेव्हा बारा हप्ते पाडून मिळाले. दर महिन्याच्या एक तारखेला ती त्या कचेरीत जाऊन हप्ता भरू लागली, आणि ज्याच्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा हप्ता भरावा लागला त्याचे नाव घरात निघेनासे झाले. माझ्याशीही ती कामापुरतेच बोले. 'अहो'सुद्धा नाही, नुसते 'ऐका'.

शेठची खुर्ची, टीव्ही, पलंग सगळे गेले. दीड वर्षाने त्याला कर्जमुक्तीचा आदेश मिळाला. तो कागद त्याने मला लॅबमध्ये दाखवला. मी वाचून परत दिला. फोन बंद झाले होते, मला तेवढे पुरे होते.

तोवर बायकोची खालची कवळी इतकी हलू लागली की जेवताना हात लावून धरावी लागे. दुसऱ्या लॅबमधून दुरुस्त करून आणली, तरी ती बसेना. एका सकाळी तिने ती डबीत घालून माझ्यापुढे ठेवली. "ऐका. मी पाठवली म्हणून सांगू नका."

शेठने डबी उघडून ती उजेडात फिरवून पाहिली. दोन दिवसांत आतून नवा थर भरून दिली. मी डबी घरी आणली.

"किती घेतले?"

"नको म्हणाला."

"मग परत न्या. त्याचं फुकटचं मला नको."

मी पैसे नेऊन त्याच्या टेबलावर ठेवले.

"राहू द्या हो, दाजी."

"घे. नाहीतर दात परत येतील."

त्याने मेणाचे हात पुसले, नोटा मोजल्या आणि एक नोट जास्त होती ती मला परत दिली. त्याने कोणाला काही परत केलेले मी दुसऱ्यांदाच पाहिले.

संध्याकाळी बायकोने आरशासमोर कवळी लावली, दात दोनदा एकमेकांवर आपटले.

"बसली," ती म्हणाली. मग आरशातूनच मला विचारले, "पावती दिली का त्याने?"

दिली नव्हती. उद्या आणतो म्हणालो.