उचलून घ्यायचं नाही

माझ्या मावशीला सगळे पायरीबाई म्हणायचे. जन्मापासून तिच्या दोन्ही पायांत जीव नव्हता, आणि जिथे पायऱ्या तिथे तिचं भांडण ठरलेलं. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दुकान रस्त्याच्या पातळीवर होतं, म्हणूनच तिने ती नोकरी धरली होती.

लहानपणी आजी तिला कडेवर घेऊन शाळेत न्यायची, थेट वरच्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत. मावशी मोठी होऊ लागली तशी तिला त्याची लाज वाटायला लागली. एक दिवस शाळेच्या दारातच म्हणाली, "आई, उद्यापासून मला उचलू नकोस. वर्ग खाली आणायला सांग त्यांना."

आजीच्या मनाला ते फार लागलं. पण दुसऱ्या दिवशी तीच हेडमास्तरांपुढे ठाण मांडून बसली आणि वर्ग खाली आणवला. मायलेकी दोघी एका माळेचे मणी!

पुढे मावशीने आपल्यासारख्यांची संघटना काढली. नियम एकच, कचेरीत कोणाकडून उचलून घ्यायचं नाही. खालच्या पायरीशी बसायचं आणि साहेबाला खाली बोलवायचं. "उचलून नेतो की, त्यात काय एवढं?" असं कोणी म्हटलं की ती उखडायची, "मी पोतं आहे का?" तिच्या शब्दाखातर कुबड्या घेतलेली, चाकाच्या खुर्चीतली माणसं उन्हात ताटकळायची. कितीदा हात हलवत परतली, पण नियम कोणी मोडला नाही.

सरकारी दवाखान्याच्या बंद लिफ्टसाठी तर ती वर्षानुवर्षं भांडत होती. आणि आता आजी त्याच दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, शेवटच्या घटका मोजत होती. वॉर्डबॉय मावशीला चांगले ओळखून होते. चौघे जिन्याशी हात मागे बांधून उभे राहिले. पुढे व्हायची कोणाची छाती होईना.

मी म्हटलं, "मावशी, आजी थांबायची नाही गं."

ती जिन्याकडे बघत राहिली. आज उचलून घेतलं की उद्या हेच आपल्या तोंडावर मारतील, हे तिला पक्कं माहीत होतं. शेवटी म्हणाली, "उचला."

आजीने डोळे उघडले. "कोणी आणलं तुला?"

"चौघांनी."

"चौघं लागली? मी एकटी न्यायचे."

मावशी हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. संध्याकाळी आजी गेली.

पुढच्याच महिन्यात लिफ्टची बैठक लागली, तीही वरच्या मजल्यावर. संघटनेची माणसं नेहमीसारखी खाली बसली. दवाखान्याचे मोठे साहेब जिन्याच्या वरच्या टोकाला आले आणि म्हणाले, "बाई, त्या दिवशी आलात की उचलून! मग आजच काय झालं?"

सगळ्यांच्या माना मावशीकडे वळल्या. तिचा चेहरा उतरला. कठोर बोलायची तिला सवय होती, पण या वेळी आवाज चढला नाही.

"त्या दिवशी वर माझी आई होती, साहेब. तुम्ही माझे कोण?"

साहेब फाईल काखेत मारून खाली उतरू लागले.