ताईच्या नजरेपुढची जागा

आगरदांड्याहून दिघीला येणाऱ्या फेरीबोटीत बॅनरच्या कापडाचे रोल सांभाळत उभी होते, तेव्हा थोरल्या दिरांचा फोन आला. "नूतन गेली," एवढंच म्हणाले. नूतनताई माझी थोरली जाऊ. ते रोल आणायला सकाळी तिनंच मला पिटाळलं होतं...

म्हसळ्यात आम्ही दोघी जावा बॅनर छापायचं दुकान चालवायचो. मशीन माझ्याकडे, मांडणी तिच्याकडे. जावाजावा एका दुकानात टिकायच्या नाहीत, असं बाजार म्हणायचा. भांडायचो आम्ही भरपूर, पण गिऱ्हाईक गेल्यावर. वाढदिवस एकाचा आणि बॅनरवर चेहरे अख्ख्या आळीचे. प्रत्येकाला आपलाच मोठा हवा. ताई तोंडावर सांगायची, "सगळीच ओरडली तर ऐकायचं कुणाचं? एक मोठा, बाकीचे त्याच्या मागं." मग नमुना दारावर लावून ती समोरच्या चहावाल्याच्या बाकावर जाऊन बसायची आणि डोळे बारीक करून बघायची. नजर कुठं अडखळली की मांडणी पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी एका बाईचा चेहरा अगदी कडेला, बाहेर बघणारा लावला. "माणूस बघतो हाय तिथं जागा नको? भिंतीला नाक लावून उभं केलंस व्हय तिला?" मी फोटो उलटा फिरवते म्हटलं, तर तेही चालेना. बाईची चमकी दुसऱ्या नाकपुडीत जाते, म्हणाली.

तिच्या श्रद्धांजलीचा बॅनर मलाच करावा लागला. तिचा बरा फोटो एकच, लग्नातला, डावीकडे बघणारा. मी तिला उजव्या कडेला घेतलं, खाली फक्त नाव, आणि समोर सगळं मोकळं. आमच्या आळीचे पुढारी अण्णा मोबाइलमध्ये फोटो घेऊन आले. "शोकाकुल म्हणून आमची रांग लाव इथं. जागा हाय की."

"न्हाय, अण्णा. ताई बघते हाय तिकडं."

"अगं, रिकामंच हाय ते."

"रिकामंच ऱ्हाणार."

दीर हळूच म्हणाले, अण्णा दुखावतील. दुखावू देत, मी म्हटलं. मला फार राग आला होता, आणि रागाच्या खाली रडू होतं. मी मशीन सुरू केलं. बॅनर नाक्यावर तसाच लागला.

आता तो उतरवलाय. काल अण्णा स्वतःच्या वाढदिवसाचं काम घेऊन आले. मोबाइल पुढं केला आणि म्हणाले, "माझ्यासमोर पण सोड थोडी जागा. ताईसारखी."

नमुना दारावर लावून मी समोरच्या बाकावर गेले, डोळे बारीक केले. अण्णांच्या समोरचे दोन चेहरे अजून काढावे लागणार होते. चहावाल्यानं विचारलं, एवढा बाक मोकळा असताना अशी कडेला का बसलीस... मी काही सरकले नाही.