कूस बदलणारी मैनाबाई

ज्या वर्षी अकोल्यात गाद्या उसवल्या गेल्या, त्या वर्षी माळीपुऱ्यातल्या नत्थुजीनेही आपल्या घरची एकुलती गादी उसवली. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी कोणी ऐकला नव्हता असा भाव आला. लोकांनी रजया, उशा, गाद्या फाडल्या, आतला कापूस पिंजून घेतला आणि बाजारात नेऊन ओतला. नत्थुजीने आलेल्या पैशात विहिरीसाठी नवी मोट घेतली. म्हातारी पार्वताबाई कुरकुरली तेव्हा तो आईला म्हणाला, "भुईवर झोपल्यानं कोणी मरत नाई, माय."

हे वाक्य पुढे त्याला फार दिवस सलत राहिले.

घरात माणसे चार. पार्वताबाई, तिचा थोरला मुलगा नत्थुजी, धाकटा पुंजाराम आणि पुंजारामची बायको मैनाबाई. नत्थुजीची बायको मागेच वारली होती. तो मोर्णा नदीकाठचा भाजीचा मळा पाही आणि पुंजाराम कापसाच्या गाड्या हाकी. मैनाबाई सहा वर्षांपूर्वी या घरात आली, पण नत्थुजीने तिचा चेहरा अजून धड पाहिला नव्हता. भासऱ्याने, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, भावजयीच्या वाऱ्याला उभे राहू नये, तिने त्याच्याशी तोंडाने बोलू नये, अशी रीत होती. काही सांगायचे झाले तर ती सासूला सांगे. सासू जवळ नसली तर खांबाकडे तोंड करून बोले आणि नत्थुजी खांबालाच उत्तर देई.

माघ महिन्यात नदीच्या उतारावर पुंजारामची गाडी कलंडली. कापसाचा बोजा पाठीवर आला. चौघांनी त्याला फळीवर घालून घरी आणले. शुद्ध होती, बोलत होता, पण कमरेखाली चिमटा घेतला तरी त्याला कळत नव्हते.

तरटावर घोंगडी टाकून त्याला निजवले. दहाव्या दिवशी त्याच्या माकडहाडावर बोराएवढा काळपट डाग दिसला. पंधराव्या दिवशी तिथली कातडी फाटली आणि घरात वास सुटला. वैद्यबुवा आले, वाकून पाहिले आणि अंगणात येऊन हात धुता धुता म्हणाले, "पाय गेले ते गेले. पण मानूस पायानं मरत नाई नत्थुजी, या जखमेनं मरते. खाली मऊ गादी पाह्यजे होती याले."

दुसऱ्या दिवशी नत्थुजीने नवी मोट विकली, मिळाला तेवढा कापूस आणला आणि हातभर जाड गादी भरून घेतली. पुंजारामला तिच्यावर ठेवले तेव्हा त्याला वाटले, चुकलेले आता फिटले. पण आठ दिवसांत जखम वाटीएवढी झाली आणि उजव्या कमरेच्या हाडावर दुसरा डाग उमटला. पुंजारामला ताप येऊ लागला. वैद्यबुवांनी येणे कमी केले. नत्थुजी मळ्यात जाई, वाफ्यांत पाणी सोडी, पण पाणी कुठल्या वाफ्यात चालले आहे हे त्याला कळत नसे.

एके दिवशी भाजीची पाटी ठेवायला तो दुपारी घरी आला आणि ओसरीवरच थांबला. आत मैनाबाई नवऱ्याच्या पायाशी बसली होती. पुंजारामची उजवी टाच गादीवर टेकलेली होती. डाव्या पायाखाली तिने घागर डोक्यावर घेताना ठेवतात ती कापडाची चुंबळ सारली होती, त्यामुळे ती टाच अधांतरी होती. ती दोन्ही टाचांवर आळीपाळीने अंगठा दाबून पाहत होती.

"माय," नत्थुजी ओसरीवरून म्हणाला, "टाचेखाली चुंबळ काहून ठेवली? टाच काय पान्याले चालली?"

"मले काय इचारतं? तिलेच इचार..." पार्वताबाई थांबली. "नाई, तुले इचारता येत नाई. काय वो मैना, काय करून राह्यली?"

मैनाबाईने पदर पुढे ओढला. "आत्याबाई, सांगा त्यायले. दोनी टाचा एकाच मानसाच्या, अन् गादीबी एकच. उजवी सकाळपासून टेकून हाय, डावी अधर हाय. उजवी लाल झाली, डावी जशीच्या तशी हाय."

"अन् हे अंगठा दाबनं काय हाय?" सासूने विचारले.

"दाबलं का जागा पांढरी होते, सोडलं का लाली परत येते. तोवर जागा जित्ती. दाबूनबी पांढरी होत नाई, तवा ते गेली समजा. पाठीवर तसंच झालं होतं. मी पाह्यलं होतं, पन मले तवा समजलं नाई." एवढे बोलून तिने उजवी टाचही चुंबळीवर घेतली. समजायचे ते समजले होते, आता ती टाच खराब करायची नव्हती.

मग ती खांबाकडे वळून म्हणाली, "कोहळ्याले आपन काय करतो?"

नत्थुजीच्या हातातली पाटी तशीच राहिली. वीस वर्षे तो कोहळे पिकवत होता. ओल्या मातीवर एकाच अंगावर पडलेला कोहळा खालून पांढुरका पडतो, मग मऊ होतो आणि सडतो. म्हणून माळी खाली वाळलेले कुटार, म्हणजे भुसा, घालतो आणि देठ न दुखवता चार-चार दिवसांनी त्याची कूस बदलतो. नुसते कुटार घालून भागत नाही. ही गोष्ट त्याच्या हातांना ठाऊक होती. त्याच मळ्यात खुरपणाऱ्या या बाईने ती उचलून माणसाच्या पाठीशी नेऊन लावली होती.

किती वेळाने कूस बदलायची, हेही तिने अंदाजावर सोडले नाही. कचेरीत शिपाई तासातासाला टोले देई. प्रत्येक टोल्याला ती पुंजारामच्या खांद्यावर, कमरेवर, घोट्यावर अंगठा दाबून पाही आणि भिंतीवर कोळशाने रेघ ओढी. एक तास झाला तरी लाली लगेच परते, दोन तास झाले तरी परते. तिसऱ्या तासाला ती परतायला उशीर करी. सहा दिवस भिंत भरली आणि सहाही दिवस हेच निघाले. दोन टोल्यांच्या पुढे एका अंगावर ठेवायचे नाही, असे तिने ठरवले.

पण ठरवणे सोपे होते. पुंजारामचा देह भरलेला. एकटीने ओढला तर जखम घासली जाई, आणि पार्वताबाईच्या हातात तर तांब्याही थरथरे. एका सकाळी ओढताना जखमेतून रक्त आले, पुंजारामचे डोळे फिरले. मैनाबाई उठली, उंबऱ्यापाशी आली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा खांबाकडे न पाहता बोलली.

"दादाजी, आत या. खांद्याखाली हात घाला. मी कंबर धरतो. ओढू नका, उचला."

नत्थुजीने आईकडे पाहिले.

"पाहून काय राह्यला?" पार्वताबाई ओरडली. "लाज खुटीले टांग अन् हात घाल!"

त्याने हात घातले. पुंजारामच्या पाठीखाली त्याच्या बोटांना तिची बोटे लागली. त्याने मान वळवली, पण हात सोडले नाहीत. पुंजाराम डाव्या कुशीवर आला, पाठीशी कुटाराची उशी लागली, दोन गुडघ्यांमध्ये घडी घातलेले लुगडे गेले. मैनाबाईने कडुनिंबाच्या उकळलेल्या पाण्याने जखम धुतली आणि उन्हात वाळवलेले फडके लावले. पुंजारामने हळूच डोळे उघडले.

"दादा, आता मलेबी कोहळा केला का गा तुमी?"

"कोहळा बोलत नाई," नत्थुजी म्हणाला. "तू गप ऱ्हाय."

चार दिवसांत शेजारची दुर्गाबाई कुंपणाशी आली. "काय वो पार्वताबाई, तुमच्या घरी भासरा अन् भावजय दिवसभर एका गादीवर वाकून राह्यले म्हनते!"

"हो, वाकून राह्यले. दर दोन टोल्याले उचलाले तू येतं का? ये, मंग त्यायले सांगतो बसाले."

दुर्गाबाई आली नाही. पण पुढच्या पावसाळ्यात तिचा सासरा अंथरुणाला खिळला, तेव्हा मैनाबाईला बोलवायला तीच पहिली आली.

त्या उन्हाळ्यात नत्थुजी मळ्यात जुन्या मोटेवर टोला मोजी आणि दुसऱ्याला मोट सोडून घराकडे धावे. रात्रीही दोघांपैकी एक जण उठेच. ताप उतरला. वैशाखात जखमेच्या कडेला कोवळी, गुलाबी कातडी दिसली. ती भाताच्या शितापेक्षा रुंद नव्हती. नत्थुजीने वाकून ती कातडी पाहिली. त्याने आयुष्यभर बीज रुजताना पाहिले होते, पण मेलेल्या जागेवर माणूस रुजताना पाहिला नव्हता.

त्या दिवशी त्याच्या तोंडून निघून गेले, "गादी मी इकली. नाई तं हे झालंच नसतं."

मैनाबाई फडके पिळत होती. ती त्याला बरे वाटावे म्हणून काही बोलली नाही, तिने पाहिले होते तेवढेच सांगितले. "गादी असती तं चार दिस उशिरा झालं असतं. पन झालंच असतं. तुमच्या नव्या गादीवरच दुसरा डाग आला ना? टाचा आपन पाह्यल्या. गादीनं नाई दादाजी, एका अंगावर राह्यल्यानं झालं."

नत्थुजी मळ्यात गेला. त्या दिवशी पाणी कुठल्या वाफ्यात चालले आहे हे त्याला कळत होते. तीन महिन्यांचे ओझे त्या टाचांनी उतरवले होते.

दिवाळीला जखम मिटली. पुंजाराम उठला नाही, पण भिंतीला टेकून बसू लागला आणि बसल्या जागी फुलांचे हार ओवू लागला.

पुढच्या वर्षी लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, घरोघरी पुन्हा गाद्या भरल्या गेल्या. मैनाबाईचे नाव मात्र वाढत गेले. अमरावतीच्या उत्तमराव नावाच्या अडत्याने आपल्या पडून असलेल्या वडिलांसाठी दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, पाठवली. मैनाबाईने सोबत एक कोहळा घेतला आणि तो सांभाळायला नत्थुजीला दिला. अमरावतीपर्यंत तो मांडीवर कोहळा घेऊन बसला.

"आमच्याकडे एकावर एक चार गाद्या आहेत," उत्तमराव म्हणाले.

"असू द्या," मैनाबाई म्हणाली. "उचलाले हात किती हायेत?"

मग तिने घरातल्या सगळ्या बायांना बसवले, कोहळा उलटा करून त्याची खालची बाजू दाखवली, प्रत्येकीचा अंगठा म्हाताऱ्याच्या टाचेवर ठेवून दाबायला लावला. घरातल्या सुनांनी स्वतः चार वेळा कूस बदलून दाखवेपर्यंत ती तिथून हलली नाही. तिवशापासून हिवरखेडपर्यंत ती जिथे गेली तिथे असेच शिकवून आली. औषध ती कधी देत नसे.

चार वर्षांनी नत्थुजीलाच मुदतीचा ताप आला. वीस-बावीस दिवस तो पडून होता. एका सकाळी ग्लानीतून जाग आली तेव्हा कचेरीतला टोला ऐकू आला. एक ग्लानीतच ऐकला होता, हा दुसरा, त्याने सवयीने मोजले. तोवर जमिनीवरून सरकत सरकत पुंजाराम जवळ आला होता. हार ओवून पिळदार झालेले त्याचे हात थोरल्या भावाच्या खांद्याखाली शिरले. कंबर मैनाबाईने धरली होती. तिचा पदर आता डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.

"ओढू नका," ती पुंजारामला म्हणाली, "उचला."

कूस बदलली. मैनाबाई पायाशी गेली आणि नत्थुजीच्या टाचेवर अंगठा दाबून धरला. इतकी वर्षे त्याने दुसऱ्यांच्या टाचांकडे पाहिले होते. तिने अंगठा उचलला, वाकून पाहिले.

"आली परत," ती म्हणाली आणि चुंबळ नीट सारली.